चहाचा च, चंद्राचा च

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही दुकानात येणाऱ्या शिलाई मशीनांच्या नोंदींसाठी आणली होती. पहिल्याच पानावर घरचं गाऱ्हाणं लिहायची वेळ आली आहे, तर तेच लिहिते. बोलायचं तर ताईशिवाय आहे कोण, आणि गाऱ्हाणं ताईबद्दलचंच.

दुकान पुढे, आम्ही दोघी बहिणी मागे. मी मशीनं दुरुस्त करते, ताई एका प्रकाशकासाठी पुस्तकांची मुद्रितं तपासते. ती शाळेत भाषा शिकवायची. सहा वर्षांपूर्वी दृष्टी गेली. आता संगणक तिला पानं वाचून दाखवतो आणि ती कानानं चुका पकडते, डोळसांच्या नजरेतून सुटलेल्यासुद्धा. आवाज इतक्या वेगानं लावते की मला तो डब्यात खडे हलवल्यासारखा वाटतो.

आज सकाळी तिनं कानावरचा हेडफोन काढला आणि शांतपणे म्हणाली, "आपल्या भाषेचा आवाज जाणार आहे."

मला वाटलं संगणक बिघडला. तसं नाही. तिच्या संगणकातली प्रणाली कुणा कंपनीची नाही. ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून बांधलेली, फुकट आणि सगळ्यांना आतून उघडी. तिच्यात हजारो सुटे भाग असतात, त्यांना पॅकेज म्हणतात, आणि प्रत्येक पॅकेजला कुणीतरी सांभाळणारा असतो. आपल्या भाषेत बोलणारं जे पॅकेज आहे त्याच्या सांभाळणाऱ्यानं चौदा महिने एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही. इकडे प्रणालीची नवी आवृत्ती निघायची तयारी चालू आहे आणि नव्या अवजारांनी हे पॅकेज बांधलंच जात नाही. १६ मार्चपर्यंत कुणी पुढे आलं नाही तर नव्या आवृत्तीतून ते गळणार.

मी म्हटलं, आपण जुनीच आवृत्ती ठेवू. ती म्हणाली, दोनेक वर्षं चालेल, पुढे तिची डागडुजी बंद होते, आणि कामाच्या जागी तर नवीच लागेल. कामाची जागा कुठली, तू तर घरात काम करतेस, असं विचारलं तर म्हणाली, "बोलण्याच्या ओघात आलं."

मग मी कामाचं विचारलं. तक्रार कुणाकडे करायची?

"सगळ्यांकडे," ताई म्हणाली. "तिथे सगळेच मालक असतात."

म्हणजे कुणीच नाही. उद्या मी सगळ्यांनाच फैलावर घेते.

४ फेब्रुवारी, बुधवार

घेतलं. त्यांची एक पत्रांची यादी असते, तिच्यावर लिहिलेलं जगजाहीर होतं. लिहिलं की तुमच्या भोंगळ कारभारापायी माझ्या बहिणीच्या पोटावर पाय येतोय, हे ताबडतोब दुरुस्त करा. ताई म्हणाली, जरा थंड होऊन पाठव. मी गरमच पाठवलं.

दुपारी उत्तर आलं. लिहिणारा स्वतःला मुंगी म्हणवतो. तीन वाक्यं:

"राग कळला. बिघाड कळला नाही. तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहा."

संताप आला. मशीन घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हेच विचारते, नुसतं "चालत नाही" म्हणून कोण दुरुस्त करणार, आणि हा मला शिकवतोय. मुंगी कसली, मुंगळा आहे नुसता.

७ फेब्रुवारी, शनिवार

ताईनं सांगितल्याप्रमाणे पॅकेज बांधून पाहिलं. म्हणजे मूळ मजकूर उतरवून घ्यायचा (तो कुणालाही मिळतो, हेच मला अजून खरं वाटत नाही) आणि त्या मजकुरातून चालतं यंत्र बनवणाऱ्या अवजाराला द्यायचा. पडदाभर ओळी धावल्या आणि धाडकन थांबल्या. मी पडद्याचा फोटो काढून मुंगीला पाठवला.

"चित्र पाठवू नका. अक्षरं पाठवा."

एवढा आळस? फोटो उघडून बघायचेही कष्ट नकोत? ताईला वाचून दाखवलं तर ती हसत सुटली. कशाला हसतेस विचारलं तर म्हणाली, काही नाही, बरोबर सांगतोय तो. दोघं एका माळेचे मणी.

बसून सगळी अक्षरं पाठवली. पुढच्या पत्रात लिहिलंय, "ऐकलं. ४१२ वी ओळ बघा." ऐकलं काय, वाचलं म्हण. लिहायलाही धड येत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

४१२ वी ओळ बघितली. मला काय कळणार? मुंगीला विचारलं की तुम्हाला एवढं कळतं तर तुम्हीच का नाही सांभाळत हे पॅकेज. त्यावर मात्र लांब पत्र आलं. त्याच्याकडे आधीच एकोणीस पॅकेजं आहेत. विसावं घेता येईल, पण मग उद्या तो आजारी पडला तर वीस एकदम अनाथ होतील. "हे घर माणसांवर उभं आहे," त्यानं लिहिलंय. "खांब वाढवल्याशिवाय मजला वाढवायचा नाही. तुम्ही हे घ्या. तुमचं काम मी तपासेन. नवख्याचं काम जाणत्यानं तपासल्याशिवाय इथे काहीही आत जात नाही, आणि जाणत्याचं काम सगळे उघड बघू शकतात."

मी कळवलं की माझं शिक्षण बेतास बात, मी मशीन दुरुस्त करणारी बाई. तो म्हणतो, मग अर्धं काम येतंच तुम्हाला.

हो म्हणून बसले. ताईसाठी. मला स्वतःला यात काडीचा रस नाही, हे इथे लिहून ठेवते.

जाता जाता: ताईच्या चपलांना ओला चिखल होता. अंगणात तर फरशी आहे. विचारलं तर म्हणाली, असेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पाच दिवस ती ओळ उशाशी घेऊन झोपतेय. जेवताना वाचते, चहा पिताना वाचते. आज एका शिंप्याचं मशीन उघडून ठेवलं होतं, तेही तसंच राहिलं, तो बिचारा दोनदा येऊन गेला.

पण उलगडलं. तिथे एका कामगाराला नावानं हाक मारलीय, पण हा कामगार कोण, कुठला, हे आधी कुठेच सांगितलेलं नाही. जुनं अवजार भिडस्त होतं, चालवून घ्यायचं. नवं म्हणतं, ओळख करून दिल्याशिवाय मी कुणाला आत घेणार नाही. म्हणजे वर फक्त ओळखीची एक ओळ हवी. घातली. बांधलं गेलं!

दुकानात कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं हसले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नापास. आत गेल्यासारखी मी त्या फाइलीतल्या वाकड्यातिकड्या ओळीही सरळ केल्या होत्या, शंभर एक तरी. मुंगी म्हणतो, दोन कामं एकत्र केलीत, आता कुठल्या बदलानं काय झालं हे कुणाला कळणार? उलगडून पाठवा.

एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, हे मी आलेल्या प्रत्येक शिकाऊ मुलीला सांगत आले. आज माझेच कान पिळले गेले. उलगडलं, एक ओळ पाठवली. त्यालाही उत्तर: ओळ बरोबर, पण ती का घातली ते लिहिलेलं नाही. "दहा वर्षांनी कुणीतरी ही ओळ बघेल. त्याला तुम्हाला विचारता येणार नाही."

कारण लिहिलं. तिसऱ्या खेपेला पास.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पॅकेज ताब्यात घ्यायचं तर जुन्या सांभाळणाऱ्याला रीतसर विचारावं लागतं. मी लिहिलं होतं की आपण कबूल केलेलं काम वाऱ्यावर सोडलंत, आता आम्ही घेत आहोत. ताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पुसून टाक. मग तिनंच सांगितलं आणि मी लिहिलं. की तुमचा आवाज आमच्या घरात सहा वर्षं रोज बोलतोय. त्यानं मला माझं काम परत दिलं. तुम्ही कसे आहात?

चौदा महिने गप्प असलेल्या माणसाला इतकं गोड लिहून काय उपयोग, असं मी म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

उत्तर आलं.

त्यानं हे पॅकेज आईसाठी सुरू केलं होतं. तिला दिसत नव्हतं आणि तिला दुसरी भाषा येत नव्हती. दीड वर्षापूर्वी आई गेली. त्यानंतर तो आवाज कानावर पडला की त्याला संगणकासमोर बसवेना. पत्रं साठत गेली आणि साठली म्हणून आणखी उघडवेनात. "खुशाल घ्या," त्यानं लिहिलंय. "आत एक फाइल अर्धी राहिली आहे. आई म्हणायची, हा मेला संगणक मला चहा विचारतो ते परक्यासारखं विचारतो. तेवढं जमलं तर बघा."

मी दुकानात जाऊन उगाच एका मशीनला तेल दिलं. त्याला गरज नव्हती.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ती फाइल म्हणजे शब्दांची यादी आहे. आपल्याकडे च, ज, झ दोन तऱ्हेनं म्हणतात. चहाचा च वेगळा, चंद्राचा च वेगळा. चोर, चूक, जोर, झोप हे चहाच्या बाजूचे. चित्र, चेहरा, जेवण चंद्राच्या बाजूचे. लिहायला अक्षर एकच. संगणकाला काय माहीत, तो सगळंच चंद्रासारखं म्हणतो. च्यहा, च्योर, ज्योर. सहा वर्षं हे ऐकून मला वाटायचं त्याचा सूरच तसा.

ताईला सांगितलं तर तिच्या अंगात शाळा संचारली. "वाचन वेगळं, वाचून वेगळं. माझा वेगळं, माझी वेगळं." इकार-एकार आला की जीभ वर जाते, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा चंद्राच्या बाजूला, बाकी कानाला विचारायचं. सकाळभर ती बोलत होती आणि मी टाइप करत होते. मध्येच शिंपी आला. त्याला आम्ही दोघींनी "चाळीस" म्हणायला लावलं. तो मशीन न घेताच गेला.

आज पुन्हा चिखल. शिवाय दूध आधीच आणलेलं होतं. शेजारीणबाई देऊन जातात बहुतेक, त्यांचे आभार मानायला हवेत. दारामागची पांढरी काठी पडली होती, ती कपाटात नीट ठेवून दिली. मी असताना तिला काठी लागते कशाला, हात धरून कुठेही नेतेच मी.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंगीनं पॅकेज वर चढवलं. मग ते नऊ तऱ्हेच्या संगणकांवर आपोआप बांधून बघतात. आठ ठिकाणी झालं, नवव्या ठिकाणी पडलं. ते नववे संगणक इतके जुने की मी म्हटलं, ही जात राहू दे की. कुणाला पडलंय?

"ज्याच्याकडे तोच एक संगणक आहे त्याला," मुंगी.

मी ओशाळले. पण माझ्याकडे तसला संगणक नाही, दुरुस्त कशावर करू? यादीवर विचारलं, बिघाड नीट तीन ओळींत लिहून. तासाभरात कुण्या मेंढपाळाचं पत्र आलं. खराखुरा मेंढपाळ. त्याच्या गोठ्यात तसला एक संगणक आहे, मेंढ्यांच्या नोंदी ठेवतो त्यावर. त्याला आपली भाषा येत नाही, एक अक्षर नाही. पण त्यानं दोन दिवस बसून चूक शोधायचं कबूल केलंय.

याला यातून काय मिळतं, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "तुला काय मिळतं?" मला वेगळं आहे, मी तुझ्यासाठी करते, असं म्हटलं. ती "बरं" म्हणाली. ताईचं हे "बरं" मला लहानपणापासून आवडत नाही.

४ मार्च, बुधवार

मेंढपाळाची दुरुस्ती आली, नऊच्या नऊ ठिकाणी बांधलं गेलं. ताईची यादी अजून पुरी नाही, पण मुंगी म्हणाला, जेवढं तयार तेवढं जाऊ द्या. एकशे बेचाळीस शब्द आणि सहा नियम घातले.

आता दहा दिवस ते कच्च्या कप्प्यात राहणार. तिथे हौशी लोक मुद्दाम ते वापरून बघतात. दहा दिवसांत गंभीर तक्रार आली नाही तर पुढच्या कप्प्यात, आणि तिथून नव्या आवृत्तीत. तक्रार आली तर घड्याळ पुन्हा शून्यावर. १४ तारखेला दहा दिवस भरतात, १६ ला दार बंद. दोन दिवस हाताशी आहेत.

संध्याकाळी ताईनं नवा आवाज लावला. तो म्हणाला, "चहा." अगदी घरच्यासारखा. ताईनं पुन्हा लावला. सहासात वेळा. मग मी खरोखरचा केला.

१० मार्च, मंगळवार

सहा दिवस, एक तक्रार नाही. मी दर तासाला बघते. साठलेली मशीनं दुरुस्त केली, शिंप्याला त्याचं घरपोच देऊन माफी मागितली.

प्रकाशकांचा फोन होता. ताईशी बराच वेळ बोलत होते. मी विचारलं तर म्हणाली, ते त्यांच्या कार्यालयात येऊन बसा म्हणतायत, तिथे तिच्यासाठी संगणक ठेवतील, आणखी दोघं कानानं तपासणारे घ्यायचे आहेत, त्यांना तिनं शिकवावं. मी म्हटलं, रोज मला दुकान सोडून तुला पोचवायला-आणायला कसं जमेल? त्यांना कळवून टाक नाही म्हणून.

"बघू," म्हणाली.

१२ मार्च, गुरुवार

आली तक्रार.

एका शाळामास्तरांची आहे. मुलांना कविता ऐकवताना संगणकानं चंद्र "त्संद्र" असा म्हटला आणि वर्ग हसून लोळायला लागला. खाली लिहिलंय, किरकोळ चूक आहे, सवडीनं बघा.

सवडीनं कसलं, लगेच बघितलं. माझीच चूक. "घरचं, आमचं, त्याचं" यांतला शेवटचा चं चहासारखा, म्हणून मी नियम घातला होता. पण "फक्त शब्दाच्या शेवटी" ही खूण लावायची राहिली. त्यामुळे चंद्र, चंदन, चंचल, चंने सुरू होणारे झाडून सगळे शब्द बिघडले. मास्तरांना एकच शब्द सापडलाय. बाकीचे मला माहीत आहेत.

किरकोळ राहू दिली तर घड्याळ चालू राहतं. परवा दहा दिवस भरतात, आवाज आत जातो. चूक मग नंतर दुरुस्त करता येईल. गंभीर म्हटलं तर घड्याळ शून्यावर, १६ तारखेला दार बंद, सगळं पाण्यात.

मुंगीला खाजगी पत्र लिहिलं. त्याचं उत्तर: "आता तुम्ही सांभाळता. चूक केवढी आहे, ते तुम्हीच ठरवा."

दुष्ट.

१३ मार्च, शुक्रवार

ताईला सांगितलं नव्हतं. सकाळी सांगितलं. वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, आधी आत जाऊ दे. पोट तिचं आहे.

तिनं विचारलं, "तुझ्याकडून दुरुस्त होऊन गेलेल्या मशीनचा धागा तुटतोय हे तुला कळलं, आणि गिऱ्हाइकाला कळलं नाही, तर तू काय करतेस?"

मी म्हटलं, जाऊन घेऊन येते.

"मग मला कशाला विचारतेस?"

तक्रारीवर स्वतःच्या हातानं "गंभीर" लिहिलं. खाली कारण लिहिलं, चूक माझी, कशी झाली, किती शब्दांना लागते, कुठली एक खूण घातली की सुटते. दुरुस्ती सोबत जोडली. आवृत्ती ठरवणारी जी मंडळी आहेत त्यांना विनंती केली की दहाऐवजी पाच दिवसांत तपासून उशिरा आत घेता येईल का. हे सगळं उघड यादीवर, जगासमोर.

मग दुकान बंद केलं आणि फिरायला गेले. नाक्यावर एक बाई काठी टेकत एकटीच रस्ता ओलांडत होती, अगदी ताईसारखी, ताईसारखीच शाल. ताईला घरी सोडून आले होते म्हणून, नाहीतर मी हाकच मारली असती.

१६ मार्च, सोमवार

दार बंद झालं. आमचं पॅकेज बाहेर.

पण त्या मंडळींत यादीवर चर्चा चालू आहे. एकजण म्हणतो, नियम तो नियम. दुसरी म्हणते, बदल एका खुणेचा आहे आणि सांभाळणारीनं चूक आपण होऊन मोठी सांगितली, असं रोज होत नाही. मास्तरांनीही लिहिलंय, मुलांना चंद्र आणि चहा दोन्ही नीट हवेत. मेंढपाळानं लिहिलंय की माझ्याकडे चाललं. त्याला काय चाललं ते कळलंही नसेल, पण लिहिलं.

माझं काय व्हायचं ते माझ्यादेखत ठरतंय. कार्यालयातल्या बंद खोलीत ठरण्यापेक्षा हे जास्त भीतिदायक आहे आणि जास्त बरंही.

१७ मार्च, मंगळवार

पाच दिवस मिळाले.

२२ मार्च, रविवार

गेलं आत! तक्रार शून्य. "नियम तो नियम" म्हणणाऱ्यानंच आत घेतलं आणि खाली लिहिलं, "काम नीट आहे."

ताईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी एकोणपन्नास वर्षांची आहे.

१२ एप्रिल, रविवार

आज मुंगीला भेटलो.

आतापर्यंत माझं काम तोच वर चढवायचा. मला स्वतःला चढवायचा अधिकार हवा तर आधीच्या विश्वासातल्या एकानं मला समोरासमोर भेटून, ओळखपत्र बघून, ही बाई खरीच आहे अशी ग्वाही द्यावी लागते. मुंगी कामानिमित्त आमच्या गावावरून जाणार होता, बस बदलायला चाळीस मिनिटं. बसस्थानकाच्या उपाहारगृहात भेटायचं ठरलं. ताई म्हणाली, मीही येते.

आम्ही दारात उभ्या. मी एखादा काटकुळा, चष्मेवाला, खडूस चेहरा शोधत होते. कोपऱ्यातून सहा फुटी आडदांड माणूस उठला, हातात पांढरी काठी, आणि आमच्या आवाजाच्या दिशेनं हसला.

"४१२ वी ओळ?" त्यानं विचारलं.

चित्र पाठवू नका. ऐकलं. दोन महिने मी या माणसाला आळशी म्हणत होते, इथे लिहून ठेवलंय. माझ्याच घरात माझी बहीण तसंच ऐकते आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. ताईकडे बघितलं तर ती गालातल्या गालात हसत होती. तिला दुसऱ्या पत्रालाच कळलं होतं. "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणते, "तू मग त्याच्याशी हळू आवाजात बोलली असतीस."

ओळखपत्र त्याच्या फोननं वाचलं, खणखणीत आवाजात. माझं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळ्या उपाहारगृहाला. मागच्या टेबलावरच्या गृहस्थांनी वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या. मग माझ्या डिजिटल सहीची लांबलचक खूण मी कागदावरून अक्षर अक्षर वाचली आणि त्यानं कानातल्या आवाजाशी ताडून बघितली. एकदा मी चुकले, त्यानं लगेच पकडलं.

उरलेला वेळ ते दोघं झ बद्दल भांडत होते. बाहेरच्या माणसाशी ताई इतकी बोलताना मी सहा वर्षांत बघितली नव्हती. मध्ये तिनं चहा आणते म्हटलं. मी उठायच्या आत तिनं पिशवीतून घडीची काठी काढली, कटकट उघडली, आणि टेबलांमधून नीट वाट काढत काउंटरपर्यंत गेली. तीन कप. एक थेंब सांडला नाही, वाढप्यानं ट्रे धरला होता, पण पुढे ती होती.

"छान चालतात," मुंगी म्हणाला. त्याला काठीचा आवाज ऐकू येत होता.

दूध शेजारीणबाई देत नव्हत्या. काठी मी कपाटात ठेवायचे आणि ती रोज पुन्हा काढायची. चिखल प्रकाशकांच्या कार्यालयाच्या रस्त्यावरचा, तिथे खोदकाम चाललंय. दोन महिने ती वाट पाठ करत होती, मी दुकानात ४१२ वी ओळ वाचत असताना.

घरी येताना मी तिचा हात धरला नाही. म्हणजे धरला होता, मग सोडला.

६ जून, शनिवार

नवी आवृत्ती निघाली. मला वाटलं होतं काहीतरी धुमधडाका होईल. यादीवर एक पत्र आलं, हजारो पॅकेजं, हजाराहून जास्त माणसं, सर्वांचे आभार. खाली नावांची लांबच लांब यादी. ताईनं आवाज थोडा हळू लावला आणि दोघी ऐकत बसलो. मेंढपाळ आला, मास्तर आले, मुंगी आला. जुना सांभाळणाराही होता. मग माझं. पाठोपाठ ताईचं, भाषेचे नियम म्हणून.

जुन्या सांभाळणाऱ्याचं खाजगी पत्रही आलं. त्यानं नवी आवृत्ती बसवली आणि पहिल्यांदा आवाज ऐकला. एवढंच लिहिलंय की आता तो चहा बरोबर विचारतो.

८ जून, सोमवार

ताई आज कामावर गेली. एकटी. मी नाक्यापर्यंत येते म्हटलं तर म्हणाली, दुकान उघड. मी दुकान उघडलं आणि दारात उभी राहिले, ती वळेपर्यंत. पोचल्यावर तिनं फोन केला. आमच्या पॅकेजवरच तिथला संगणक बोलतोय म्हणाली आणि घाईनं ठेवला, दोन शिकाऊ वाट बघत होते.

दुपार फार लांब वाटली. दोन ताटं घेतली, मग एक परत ठेवलं. इतकी वर्षं मला वाटायचं की मी घरी नसले तर हिचं कसं होणार.

तीन वाजता नवी तक्रार आली, माझ्या नावावर. कुणी एक निवृत्त परिचारिका आहे, कुठून लिहितेय माहीत नाही. तिनं संगणकाला नातीचं पत्र वाचायला लावलं. शेवटी लिहिलं होतं, "आजी, मजेत जग." संगणकानं ते जग दुनियेसारखं म्हटलं. तीन ओळींत, नीट लिहिलंय.

हा नियमात बसत नाही. दुनियेचा जग आणि जगण्यातला जग, अक्षरं तीच, यादीत एकच शब्द दोनदा घालता येत नाही. आजूबाजूचे शब्द बघून ठरवावं लागेल. ताईला फोन करावा म्हणून उचलला, आणि ती शिकवत असेल म्हणून ठेवला.

मग एकटीच बसले. मागच्या खोलीत कुणी नव्हतं, पुढे गिऱ्हाईक नव्हतं. मोठ्यानं म्हणून बघितलं. जग. जग. जीभ कुठे लागते ते बोटानं पाहिलं. पुन्हा म्हटलं. साडेपाचला ताईच्या काठीचा आवाज रस्त्यावर आला तेव्हा माझा नियम पहिल्यांदा बरोबर चालला होता, आणि मी त्याच्या खाली कारण लिहीत होते.